भिलाई-३ चा टोलीनायक

भिलाई-३ मध्ये एकाच गल्लीत राहणारी आणि संध्याकाळी एकाच मैदानावर खेळणारी तीन मुलं स्काउटिंगच्या हिशोबात तीन वेगवेगळ्या राज्यांची असू शकतात. सरकारी शाळेत जाणारा पहिला मुलगा छत्तीसगड राज्याचा स्काउट. दुसरा केंद्रीय विद्यालयात जातो, आणि भारत स्काउट्स अँड गाइड्स ही राष्ट्रीय संस्था केंद्रीय विद्यालय संघटनेला एक स्वतंत्र राज्यच मानते. तिसऱ्याचं नाव रेल्वेच्या पथकात आहे, म्हणून तो दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे या ‘राज्या’चा, कारण रेल्वेच्या प्रत्येक झोनला संस्थेनं राज्याचा दर्जा दिलेला आहे. राष्ट्रीय जांबोरीत, म्हणजे देशभरच्या स्काउट-गाइडांच्या मेळाव्यात, हे तिघं शेजारी तीन वेगळ्या फलकांमागून चालतील आणि तीन वेगळ्या तंबूनगरांत झोपतील. घरी परतताना मात्र बहुधा एकाच गाडीतून उतरतील.

हा लेख मुख्यतः तिसऱ्या मुलाविषयी आहे. तो कुणी एकटादुकटा नाही. रेल्वे वसाहतींतून असे मुलगे कितीतरी वर्षं घडत आले आहेत, आणि त्यांच्या मनात काय असतं, त्यांना हातात काय मिळतं, हे मराठी वाचकापर्यंत फारसं आलेलं नाही.

भिलाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलादाचा कारखाना येतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं इथं कामाला आली. भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते त्यामुळं. पण भिलाई-३ हा त्या शहराचा रायपूरकडचा भाग, आणि तिथं राज्य आहे रेल्वेचं. चरोद्याचं मार्शलिंग यार्ड, इलेक्ट्रिक लोको शेड, रेल्वेच्या चाळी आणि क्वार्टर्स. कारखान्याला लागणारं खनिज आणि कोळसा घेऊन येणाऱ्या, आणि तयार रूळ नि पोलाद घेऊन जाणाऱ्या मालगाड्या इथं तोडल्या जातात, जोडल्या जातात. रेल्वेच्या कागदांवर या जागेची ओळख बीएमवाय या तीन अक्षरांत सांगितली जाते.

इथून पश्चिमेला दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड आणि मग गोंदिया. मुंबई-हावडा हा हमरस्ताच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि इंग्रजांच्या आधी शंभरेक वर्षं इथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. आजही दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचे विभाग तीनच आहेत, बिलासपूर, रायपूर आणि नागपूर. त्यामुळं बदलीवर आलेलं मराठी घर या वसाहतीत कुणाला नवलाचं वाटत नाही. त्या घरातला मुलगा आईशी मराठीत बोलतो, शाळेत हिंदीत, खेळात छत्तीसगढीत. आणि पथकात आदेश ऐकतो ‘सावधान’, ‘विश्राम’, जे सगळ्यांनाच सारखे कळतात.

यार्डातल्या माणसांचं काम इशाऱ्यांवर चालतं. शंटिंगच्या वेळी पॉइंट्समन हात किंवा झेंडी हलवतो, रात्री दिवा हलवतो, आणि लांबवर इंजिनात बसलेला माणूस त्या खुणेवर कित्येक टन लोखंड पुढं-मागं करतो. चुकीची खूण म्हणजे अपघात. अशा घरातला मुलगा दहाव्या वर्षी पथकात येतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा शिकवल्या जातात त्या शिट्टीच्या आणि हातांच्या खुणा. कुठली शिट्टी ‘सगळे एकत्र या’ सांगते, कुठली फक्त टोलीनायकांना बोलावते, कुठली धोक्याची. वडील जे पोटासाठी करतात त्याची छोटी आवृत्ती मुलगा मैदानावर करत असतो. रेल्वे वसाहतीत स्काउटिंग इतकं खोल का रुजलं, याचं एक कारण मला इथं दिसतं. शिस्त नावाची गोष्ट या मुलांना बाहेरून आणून शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या घरात ड्यूटीच्या वेळापत्रकासह राहत असते.

ही चळवळ सुरू झाली इंग्लंडमध्ये, १ ऑगस्ट १९०७ रोजी ब्राउनसी बेटावर. रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्यानं श्रीमंतांच्या आणि कामगारांच्या घरांतली वीसेक मुलं एकत्र आणली आणि आठवडाभर तंबूत ठेवली. पुढच्याच वर्षी त्याचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांतून निघालं आणि मुलांनी मोठ्यांची वाट न पाहता आपापल्या टोळ्या बांधायला सुरुवात केली. बेडन-पॉवेल सैन्यात दाखल झाल्यावर पहिल्यांदा आला होता तो हिंदुस्थानात, १८७६ साली लखनौला. पण त्याची चळवळ इथं आली तेव्हा तिचं दार हिंदी मुलांसाठी बंद होतं. १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिलं पथक काढलं, लगोलग खडकी, लोणावळा, जबलपूर इथंही पथकं निघाली, आणि सगळी गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची. मुलींची देशातली पहिली गाइड कंपनीही १९११ मध्ये जबलपूरलाच निघाली.

ते दार इथं राहून काम करणाऱ्या माणसांनी उघडलं. श्रीराम बाजपेयींनी शाहजहानपूरला, ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला, मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला सेवा समितीच्या नावानं. आणि आपल्या मध्य प्रांतात, नागपूरला, विवियन बोस यांनी. बोस हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. नागपूरचे वकील, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पण हा माणूस वर्षानुवर्षं या प्रांतातल्या स्काउटिंगची व्यवस्था सांभाळत होता, हे नागपूरकरांनाही आज सांगावं लागतं. दुर्ग तेव्हा त्याच प्रांतात होतं. म्हणजे भिलाई-३ च्या मुलाच्या गळ्यातल्या स्कार्फचं एक टोक नागपूरला पोहोचतं असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला पहिली अखिल भारतीय जांबोरी भरली. स्वतः बेडन-पॉवेल आला होता. त्यानं भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांवरून मोठा क्षोभ उसळला, अनेकांनी संबंध तोडले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर नेहरू आणि मौलाना आझाद यांनी या फुटलेल्या संस्थांना एकत्र बसवलं. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्सचा जन्म झाला, १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची संस्थाही त्यात आली, आणि कुंझरू पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. एका साम्राज्याच्या सैनिकानं काढलेली, हिंदी मुलांना नाकारलेली ही गोष्ट आपण नाकारू शकलो असतो. आपल्या आधीच्या पिढीनं ती घेतली, तिच्यातली घाण काढून टाकली आणि आपली केली. ही लहान कामगिरी नव्हती.

या प्रदेशाचा आणखी एक धागा आहे. दहा वर्षांखालची मुलं ‘कब’ असतात, म्हणजे लांडग्याची पिल्लं, आणि त्यांच्या मोठ्यांना अकेला, बालू, बगीरा अशी नावं असतात. ही सगळी मंडळी रड्यार्ड किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मधली. किपलिंगचा जन्म मुंबईतल्या जे. जे. कला शाळेच्या आवारातला, आणि त्यानं मोगलीला वाढवलं ते सिवनीच्या डोंगरांत. सिवनी नागपूर-जबलपूर रस्त्यावर आहे. जगभरची कब मुलं ज्या रानाचं नाव घेऊन गोल करून बसतात ते रान भिलाईच्या मुलाला परकं नाही. साल, साज, पळस, मोह हीच झाडं त्याच्याही आजूबाजूला आहेत.

आता शिडी. दहाव्या वर्षी मुलगा स्काउट होऊ शकतो. आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीवर किमान किती महिने काम केलं पाहिजे ते ठरलेलं आहे. सुरुवातीला तीन महिने, मग सहा, पुढं नऊ, आणि वर चढताना मुदत लांबत जाते. हुशार मुलालाही उडी मारता येत नाही. उशिरा आलेल्याची तर घड्याळाशीच स्पर्धा, कारण वरच्या परीक्षांना वयाची मर्यादा आहे. चौदाव्या वर्षी जागा झालेल्या मुलाची राष्ट्रपती पुरस्काराची वाट फार अरुंद होते. म्हणून रेल्वे वसाहतीतले जाणते पालक पोराला पाचवीतच पथकात घालतात.

पहिल्या महिन्यांत खरी मजा येते ती दोरीची. रीफ नॉटला हिंदी पट्ट्यात डॉक्टरी गाठ म्हणतात, कारण पट्टी बांधताना ती सपाट बसते, टोचत नाही. जाड-बारीक दोन दोऱ्या जोडायची ती जुलाहा गाठ, खांबाला आवळायची खुंटा फास, आणि विहिरीत पडलेल्याला वर काढताना कमरेला घालायची बोलाइन, जी ओढली तरी आवळत नाही. मुलं आधी पायांच्या अंगठ्याला दोरी बांधून सराव करतात, मग पाठीमागं हात नेऊन, मग डोळे मिटून. डोळे मिटून आलेली गाठ म्हातारपणापर्यंत विसरली जात नाही. गळ्यातला स्कार्फही नुसता शोभेचा नसतो. तो उलगडला की त्रिकोण होतो आणि मोडलेल्या हाताला झोळी मिळते. दोन काठ्या आणि दोन सदरे असले की स्ट्रेचर तयार. जिथं दिवसरात्र जड लोखंड हलतं त्या वसाहतीत ही माहिती कपाटात ठेवायची नसते.

द्वितीय सोपानात आग पेटवायची असते, उघड्यावर, जास्तीत जास्त दोन काड्यांत. पहिल्या काडीचा घोटाळा प्रत्येकाचा होतो. वाऱ्याची दिशा पाहिलेली नसते, बारीक काटक्या आधी आणि जाड नंतर हा क्रम विसरलेला असतो. पुढं तृतीय सोपानात भांड्याशिवाय स्वयंपाक. इथं छत्तीसगडची मुलं भाग्यवान. त्यांच्या घरी अंगाकर रोटी असते, तांदळाच्या पिठाची जाड भाकरी, पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली. ज्याची आजी विदर्भातली त्याला पानगे आणि रोडगे माहीत असतात. शहरी मुलाला जी परीक्षा वाटते ती या मुलाला सणासारखी वाटते, आणि टोलीत त्या दिवशी त्याचा शब्द चालतो.

हाइकसाठीही लांब जायला नको. चरोद्याजवळ देवबलोद्याचं कलचुरी काळातलं शिवमंदिर आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं जपलेलं. शेजारी कुंड आहे, मंदिराला शिखर नाही, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. होकायंत्र, हातानं काढलेला नकाशा, वाटेत खडूनं किंवा दगडांनी केलेल्या खुणा. बाण म्हणजे इकडं जा, फुली म्हणजे ही वाट नाही, वर्तुळात टिंब म्हणजे मी घरी गेलो. केनियातल्या न्येरी इथं बेडन-पॉवेलच्या समाधीवर हीच शेवटची खूण कोरलेली आहे, हे मुलांना सांगितलं की ती क्षणभर गप्प होतात आणि मग पुन्हा फुली शोधायला पळतात.

पण गाठी, आग, नकाशा हा सगळा बाहेरचा भाग. स्काउटिंगचा गाभा आहे टोली. सहा ते आठ मुलं, त्यांचं एक नाव, एक झेंडी, एक आरोळी, आणि त्यांच्यातलाच एक टोलीनायक. साहित्य सांभाळणारा वेगळा, हिशोब ठेवणारा वेगळा. टोलीनायकांची सभा भरते तेव्हा स्काउट मास्तर तिथं असले तरी बोलायचं मुलांनी. कोण कॅम्पला जाणार, कुणाचं वागणं चुकलं, वर्गणी कुणाला जमली नाही आणि ती कशी भरायची, हे बारा-तेरा वर्षांची मुलं ठरवतात.

आपल्याकडं मुलांना जबाबदारी देतात ती बहुधा मॉनिटरची, म्हणजे फळ्यावर नावं लिहायची. ते मोठ्यांच्या वतीनं पहारा देणं झालं. टोलीनायकाचं काम निराळं आहे. रात्री तंबूत कुणाला घरची आठवण येऊन रडू आलं तर त्याच्या शेजारी पथारी टाकायची ती त्यानं. डाळ करपली तर सगळ्यांच्या आधी मान खाली घालायची ती त्यानं. इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, खलाशाचा मुलगा आणि अधिकाऱ्याचा मुलगा एकाच टोलीत असतात आणि नायक त्यांतला कुणीही असू शकतो. वसाहतीत क्वार्टरचा टाइप सांगितला की बापाचा हुद्दा कळतो. टोलीत तो विचारत नाहीत. या एका गोष्टीसाठीसुद्धा मला ही चळवळ मोलाची वाटते.

‘तयार’ हे स्काउटचं ब्रीद. ते ऐकायला साधं वाटतं. त्याची किंमत किती असू शकते हे २ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री दिल्लीत दिसलं. रामलीलेचा खेळ चालू होता, पंतप्रधान नेहरू प्रेक्षकांत होते, आणि शामियान्याला आग लागली. बंदोबस्ताला स्काउट मुलं होती. त्यांतला चौदा वर्षांचा हरिश्चंद्र मेहरा खांबावर चढला, कमरेचा चाकू काढला आणि पेटलेलं कापड फाडून वेगळं केलं. शेकडो माणसं वाचली. त्या घटनेनंतर धाडसी मुलांसाठी राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाला, १९५८ च्या फेब्रुवारीत तो पहिल्यांदा दिला गेला, आणि पहिल्या मानकऱ्यांत हरिश्चंद्र होता. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास आपण शूर मुलांच्या बातम्या वाचत आलो, त्या परंपरेच्या मुळाशी गणवेशातला एक स्काउट आहे. त्या मुलाकडं काय होतं? एक चाकू, चढण्याचा सराव, आणि गर्दी दाराकडं धावत असताना वर बघण्याची सवय. पहिल्या दोन गोष्टी पथकात मिळतात. तिसरी तिथं रुजायला वेळ लागतो, पण रुजते.

मुलांना मात्र सर्वांत जास्त आठवतो तो कॅम्प. पहाटेची शिट्टी, तंबूच्या दोऱ्या ओढून ताठ करणं, बांबूची गॅजेट्स, म्हणजे भांड्यांची मांडणी, चपलांचं स्टँड, टोलीचं प्रवेशद्वार, सगळं गाठींवर उभं आणि खिळा एकही नाही. मग तपासणी. अंथरुणाची घडी, नखं, चुलीभोवतीची राख, सगळ्याला गुण. संध्याकाळी शेकोटी. छत्तीसगडच्या मुलांच्या शेकोटीत पंथी नाच येतो, राऊत नाचा येतो, सुआ येतो. मराठी घरातल्या पोराला लेझीम येत असेल तर त्याला वर्तुळात ओढतात.

त्यातून मोठी जांबोरी. ४ ते १० जानेवारी २०२३ या दिवसांत राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या रोहट इथं अठरावी राष्ट्रीय जांबोरी भरली, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचं उद्घाटन केलं, आणि सुमारे ३५ हजार मुलं-मुली वाळूत वसवलेल्या त्या गावात राहिली. राज्याराज्यांची जेवणं, मिरवणुका, प्रदर्शनं, स्कार्फांची आणि बिल्ल्यांची देवघेव. पचमढीचं आकर्षण वेगळं. सातपुड्यातल्या त्या पठारावर १९५६ पासून संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे आणि साहसी खेळांची संस्थाही. ज्या मुलानं उंच म्हणून यार्डातला दिव्यांचा मनोरा पाहिला त्याला दोरीवरून कडा उतरायला लावतात. तो उतरतो. खाली पोहोचल्यावर त्याच्या बोलण्यात जो फरक पडतो तो त्याची आई घरी आल्याबरोबर ओळखते.

आता त्या गोष्टीकडं यायला हवं जी वसाहतीत उघडपणे बोलली जाते आणि भाषणांत टाळली जाते. नोकरी.

रेल्वेत स्काउट-गाइड कोटा आहे. त्यासाठी राष्ट्रपती स्काउट, गाइड, रोव्हर किंवा रेंजर (शेवटचे दोन म्हणजे वयानं मोठे झालेले स्काउट आणि गाइड) असावं लागतं, किंवा हिमालय वुड बॅज हे पथक चालवणाऱ्या मोठ्यांचं मानचिन्ह मिळवलेलं असावं लागतं. किमान पाच वर्षं चळवळीत सक्रिय असल्याचा दाखला लागतो, आणि राष्ट्रीय किंवा अखिल रेल्वे पातळीचे दोन, राज्य पातळीचे दोन मेळावे केलेले असावे लागतात. निवडीत ६० गुण लेखी परीक्षेला, ४० प्रमाणपत्रांना. लेखी परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांबरोबर एक निबंधही असतो. जागा झोनमागे अगदी मोजक्या निघतात आणि उमेदवार पुष्कळ असतात.

काही स्काउट नेत्यांना हे आवडत नाही. सेवेच्या चळवळीत पोटाचा हिशोब शिरला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. भिलाई-३ मधल्या खलाशाच्या मुलानं रेल्वेत कायम नोकरीची इच्छा धरणं यात कमीपणा कुठं आहे? त्याच्या घरात त्या नोकरीनं तीन पिढ्यांची चूल पेटलेली असते. सैनिकी शाळेत जाणारा मुलगा अधिकारी होण्याचं ध्येय सांगतो तेव्हा आपण त्याचं कौतुक करतो. महाराष्ट्रात राज्य किंवा राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या स्काउटला दहावीत वाढीव गुण मिळतात, तेही पालकांना ठाऊक असतंच. मुलाला एक उद्दिष्ट दिसतं आणि त्यासाठी तो पाच-सहा वर्षं दर आठवड्याला मैदानावर येतो, यात वाईट काही नाही. त्या वर्षांत तो दुसरंही पुष्कळ शिकून जातो.

काळजीची जागा वेगळी आहे. प्रमाणपत्र हे टोकाचं ध्येय झालं की मधल्या पायऱ्या कागदावर चढल्या जाण्याचा धोका असतो. लॉगबुक एकाच रात्री, एकाच शाईत लिहिली जाते. सेवेचा फोटो निघतो आणि झाडू लगेच परत जातो. दहा जणांच्या नावानं एकच प्रकल्प-वही फिरते. हे देशात कुठंही घडू शकतं आणि त्याचा पहिला बळी टोली असते, कारण कागदाला टोलीची गरज नसते. महिन्यांच्या किमान मुदती ठेवल्या त्या यासाठीच. नऊ महिने कुणाला त्रास द्यायला ठरवलेले नाहीत. आठ मुलांना एकमेकांची चीड, हट्ट, भीती कळून एकत्र काम करायला तेवढे महिने लागतातच. परीक्षकांनी गाठ तपासण्याआधी टोलीची वही तपासावी, सभांची टिपणं मुलांच्या अक्षरात आहेत का ते पाहावं. निम्मा प्रश्न तिथं सुटेल.

मुलींचं काय, असा प्रश्न इथं रास्त आहे. गाइडचा अभ्यासक्रम स्काउटच्या तोडीस तोड, पायऱ्याही त्याच, पुरस्कारही राष्ट्रपतींचा. वसाहतीत त्याचा परिणाम मुलांपेक्षा मुलींवर अधिक दिसतो असं मला वाटतं. संध्याकाळी सातनंतर घराबाहेर न पाठवली जाणारी मुलगी आठवडाभर दुसऱ्या राज्यात तंबूत राहून येते, आणि पुढच्या वेळी परवानगी मागताना तिचा स्वर बदललेला असतो. लक्ष्मी मजुमदार १९६४ पासून जवळजवळ दोन दशकं या संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्त होत्या. दिल्लीतलं मुख्यालय त्यांच्याच नावानं उभं आहे. स्काउट आणि गाइड या दोघांचीही धुरा एका बाईकडं असणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

पैशाचाही विचार हवा. करडा शर्ट, गडद निळी पँट, टोपी, स्कार्फ, बूट, कॅम्पची वर्गणी, प्रवास. रेल्वेच्या पथकांना पासची आणि निधीची मदत असते, सरकारी शाळेतल्या पथकांना ती नेहमी पुरी पडत नाही. म्हणून ‘खरी कमाई’चं महत्त्व. मराठी शाळांत शिकलेल्यांना हा शब्द आठवेल. मुलानं स्वतः काम करायचं, सायकली पुसायच्या, भाजी विकायची, पणत्या रंगवायच्या, आणि त्यातून आलेल्या पैशानं आपला खर्च उचलायचा. काटकसर हा स्काउटच्या नऊ नियमांतला एक नियम आहे. त्याच नियमांत सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करण्याचंही कलम आहे. डब्याच्या सीटचं रेक्झिन ब्लेडनं कापलेलं पाहिलं की रेल्वे वसाहतीतल्या मुलाला ते कलम समजावून सांगावं लागत नाही. ती सीट त्याच्या बापाच्याच रेल्वेची असते.

सेवेची एक जुनी रीतही रेल्वेचीच. एप्रिल-मे मध्ये दुर्ग-रायपूर पट्ट्यात पारा चाळिशीच्या वर राहतो आणि साध्या डब्यांतली माणसं खिडकीतून रिकाम्या बाटल्या बाहेर काढतात. गाडी दोन मिनिटं थांबते. फलाटावर ठरलेल्या जागांवर उभी असलेली स्काउट-गाइड मुलं गार पाण्याच्या बादल्या नि मगे घेऊन डब्याडब्याला पळतात. वयस्कर माणसाची आणि लेकुरवाळीची बाटली आधी भरायची, खिडकीत हात घालायचा नाही, गाडी हलली की दोन पावलं मागं यायचं, हे त्यांना आधी शिकवलेलं असतं. आठवड्याच्या शेवटी टोलीनायक कुठल्या पाळीला कोण आलं नाही ते वहीत लिहितो. फाटकांवर, म्हणजे लेव्हल क्रॉसिंगवर, बंद फाटकाखालून वाकून जाणाऱ्यांना थांबवण्याचं कामही याच मुलांकडं येतं. ते पाण्यापेक्षा अवघड. मोठी माणसं पाणी घेतात, सल्ला घेत नाहीत.

पंधरा वर्षांच्या पुढं मुलगा रोव्हर होऊ शकतो आणि पंचविशीपर्यंत राहू शकतो. कॉलेज, आयटीआय, भरतीच्या परीक्षा यांत बरेच गळतात. जे राहतात त्यांच्याकडं रविवारी लहान मुलांना गाठी शिकवण्याचं काम येतं. पथकाचं आयुष्य शेवटी या रोव्हरांवर आणि स्काउट मास्तरांवर अवलंबून. रेल्वेच्या पथकांतले मास्तर बहुधा रेल्वेचेच कर्मचारी, शिफ्टची नोकरी करून उरलेल्या वेळात मैदानावर येणारे. या कामासाठी रेल्वे त्यांना खास किरकोळ रजा देते. नियम चांगला आहे. यार्डात माणसं कमी असली की मात्र तो वरिष्ठांच्या मर्जीवर येऊन ठेपतो, आणि मास्तर दोनदा-तीनदा आला नाही की पथक विस्कटतं. झोनच्या कार्यालयानं वर्षाच्या सुरुवातीलाच कॅम्पच्या तारखा आणि मास्तरांच्या रजा एकत्र मंजूर कराव्यात, आणि वसाहतीतलं एक मैदान आठवड्याची एक संध्याकाळ पथकांसाठी राखून ठेवावं. रेल्वेचं, शाळेचं, केंद्रीय विद्यालयाचं अशी तिन्ही पथकं तिथं एकाच वेळी आली तर त्यांच्या टोल्यांची आपसात स्पर्धाही लावता येईल.